सिहोऱ्याच्या लग्नाची पर्ची

रज्जन भैया आज सकाळी गेले, आणि मला अजिबात वाईट वाटून नाही राहिलं.

हे वाचून ज्यांना धक्का बसला त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा. पण आधी पूर्ण वाचा.

सकाळपासून सगळे लिहून राहिले, जबलपुरात लग्नाच्या कॅसेटवर कॉम्प्युटरनं नावं टाकणारा पहिला माणूस गेला. मोठा आर्टिस्ट गेला.

खोटं आहे. साफ खोटं.

पहिला माणूस नव्हताच. बाई होती. माझी आई.

ती आत्ता माझ्या शेजारी बसून मेथी निवडून राहिली.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. मामानं परदेशातून माझ्यासाठी कॉम्प्युटर आणला होता. की-बोर्डच्याच पोटात सगळं, टीव्हीला जोडायचा. मी त्यावर गेम खेळायची.

आई शाळेत ड्रॉइंग शिकवायची. त्या कॉम्प्युटरमध्ये आपली अक्षरंच नाहीत म्हणून तिला राग आला.

मग तिनं ग्राफ पेपर घेतला. पेन्सिलीनं चौकोन भरून एकेक अक्षर काढलं, आणि तेच चौकोन स्क्रीनवर भरले. काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली.

बडा फुहारा चौकाजवळ रज्जन भैयांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. त्यांना कळलं तसे ते एक डबी घेऊन घरी हजर. ती कॉम्प्युटरला जोडली की लग्नाच्या चित्रावर आईची अक्षरं उमटायची.

कॅसेटवर नावं रेकॉर्ड होऊ लागली की आमच्या घरात मिक्सर बंद, कूलर बंद. व्होल्टेज हललं की वधूच्या बापाचं नाव हलायचं.

आई स्पेसबारवर बोट ठेवून बसायची. वरमाला गळ्यात पडली की दाबायची. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

लोक म्हणायचे, अगदी टीव्हीवरच्यासारखं दिसते. भैया म्हणायचे, हाँ, अपने यहाँ ही बनता है. कोण बनवते ते सांगायचे नाहीत.

मग जबलपूरजवळच्या सिहोऱ्याचं लग्न आलं.

कॅसेटच्या सुरुवातीला घरच्या वडीलधाऱ्यांची नावं टाकायची पद्धत. थोरल्यापासून सुरू, आणि जे गेले त्यांच्या नावाआधी 'स्व.'. ही नावांची चिठ्ठी, पर्ची, भैया स्वतः लग्नघरी बसून लिहून आणायचे.

नवरदेवाचे दोन आजोबा, सख्खे भाऊ. थोरले वारलेले, धाकटे ठणठणीत. पर्चीवर 'स्व.' होतं धाकट्याच्या नावाला.

थोरल्याला सोडून धाकट्याला 'स्व.' कसं, म्हणून आईला शंका आली. तिनं दुकानात फोन केला.

"दीदी, पर्ची में जो है वही डालो. हम उनके घर बैठकर लिखे हैं."

तिनं तेच टाकलं.

सिहोऱ्यात सगळं घर टीव्हीसमोर जमलं, मोहल्लाही जमला, आणि पडद्यावर धाकटे दादाजी स्वर्गीय झाले. दादाजी समोरच खाटेवर बसले होते. ते ताट सरकवून उठले.

घरात रडारड. नव्या सुनेचा पायगुण निघाला.

भैयांनी तिथं सांगितलं, टाइटल एक दीदी घर पर बनाती हैं, गलती उन्हीं की है.

इतकी वर्षं आईची गोष्ट त्यांच्या तोंडातून कधी निघाली नव्हती. चूक झाली, तेव्हा निघाली.

मग घरी येऊन गयावया. एकदा चलून माफी मागा दीदी, दुकान बुडेल. आई तयार झाली. मी नववीत होते, हट्टानं बसमध्ये चढले.

आई त्या आंगणात दादाजींच्या पाया पडली. म्हणाली, "गलती मेरी है बाबूजी. बहू को कुछ मत कहिए."

सून दाराआड उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

पर्ची आईच्या पर्समध्ये होती. मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात घट्ट दाबून धरला. भैया बाजूला मान खाली घालून उभे, जसं काही त्यांचंच कोणी मेलं.

परतताना मी विचारलं, काहून नाही दाखवली? तर म्हणे, चार लोकांत माणसाची इज्जत काढू नये, त्याची लेकरं लहान आहेत.

आता त्या इज्जतदार माणसाचं ऐका.

त्यानं महिन्याभरात आईचं काम बंद केलं. म्हणे, दीदी, आपका नाम खराब हो गया है. स्वतः कॉम्प्युटर घेतला. आणि आईची सगळी अक्षरं ज्या एका फ्लॉपीवर होती, ती 'कॉपी करके लौटाता हूँ' म्हणून नेलेली, ती कधी परत आलीच नाही.

पुढं कितीतरी वर्षं जबलपूरची लग्नं आईच्या अक्षरांत लागली. कोणाकडे कॅसेट लागली की आई स्वयंपाकघरात मदतीला जायची.

आज त्यांच्या मुलानं श्रद्धांजलीचा व्हिडिओ टाकला. जुन्या लग्नांचे तुकडे जोडलेत. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "हा 'श्री' मी काढला आहे." पुन्हा मेथी घेतली.

माझं डोकं फिरलं. पर्चीचा फोटो खाली लावला आहे. अक्षर ओळखा. भैयांच्या हातचं दुकानाचं बिल ज्यांच्याकडे असेल त्यांनी जुळवून पाहा.

मी लिहून राहिले तर आई म्हणते, मेलेल्या माणसाचं काहून काढून राहिली?

जिवंत होता तेव्हा त्याची इज्जत जात होती. मेला तर आता पाप लागते. मग बोलायचं कधी, आई?

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

मग म्हणाली, "लिहूनच राहिली तर नाव पूर्ण लिही. माहेरचंही टाक."

अक्षरं आणि टायटल: कुमुद वसंत खेडीकर, माहेरची कुमुद निमदेव.

रज्जन भैया, तुमच्या वाट्याची माफी आई सिहोऱ्यातच मागून आली. माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही.

नमस्कार. या आता.