क्षमेच्या ओळीवर अडलेले पाटोळेकाका

उपासना सुरू झाली की पाटोळेकाका हॉलच्या दाराला आतून कडी लावत. शारजात चर्चच्या आवारातला एक हॉल रविवारी संध्याकाळी आमच्या मराठी मंडळीला मिळतो. दुबईच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन आलेली माणसं कधीकधी पहिलं गीत संपेपर्यंत बाहेर ताटकळत. मी नवीन होते तेव्हा मलाही असंच उभं राहावं लागलं होतं. दार उघडल्यावर काका म्हणाले, "देवाला वेळ दिली होती ना, पोरी? मग पाळायची." आणि गीतांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. बरोबर पान उघडून.

यशवंत पाटोळे मूळचे नगरकडचे. एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते आणि शारजाच्या रोल्ला भागात एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचे. आमच्या मंडळीला पगारी पाळक नव्हता, म्हणून उपासना तेच चालवत. सगळं तोंडपाठ, डोळे मिटलेले, आवाज असा खणखणीत की लेकरंसुद्धा चुळबूळ थांबवत. मी कीबोर्ड वाजवायची, त्यामुळे त्यांच्या सर्वांत जवळ मीच असायची. त्या आवाजात एक अक्षर मागेपुढे झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "चुकीला जागा दिली की सैतान खुर्ची टाकून बसतो," असं त्यांचं म्हणणं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या लोकांना याचा फार अभिमान होता. दुसऱ्या भाषेच्या मंडळ्यांना ते सांगत, आमच्याकडे उपासना घड्याळासारखी चालते.

अभय हा त्यांचा एकुलता एक मुलगा. इथेच जन्मला, इथेच वाढला. काका मराठीत विचारत, तो इंग्रजीत उत्तर देई. "अभय, तोंड उघड, गीत म्हण." "डॅड, आय ॲम सिंगिंग इनसाइड." काका चिडत, विमलकाकू पदराआड हसत. इंजिनीअर झाल्यावर अभयला डोंगरापलीकडच्या खोर फक्कानच्या बंदरात नोकरी लागली. रोज डोंगरातल्या रस्त्याने गाडीने जायचा आणि यायचा. उन्हाळ्यातल्या एका दुपारी पाण्याचा टँकर समोरून त्याच्या गाडीवर आला. टँकरच्या ड्रायव्हरला डुलकी लागली होती. ड्रायव्हर वाचला. अभय रस्त्यावरच गेला.

त्याला इथेच, शारजात पुरलं. त्यानंतरच्या रविवारी मला वाटलं, आज उपासना दुसरं कुणीतरी घेईल. पण काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात गीतांचं पुस्तक. त्यांनी दाराला कडी लावली आणि पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत सगळी उपासना जशीच्या तशी चालवली. आवाज कापला नाही. मुलाचं नावही त्यांनी घेतलं नाही. बाहेर आल्यावर लोक एकमेकांना सांगत होते, "काय विश्वास आहे या माणसाचा!" मी मात्र उपासनेत काकूंना बघितलं होतं. त्या पुढच्या रांगेत बसून नवऱ्याकडे बघत होत्या, अनोळखी माणसाकडे बघावं तशा.

असे बरेच रविवार गेले. मग एकदा प्रभूची प्रार्थना चालू असताना काका क्षमेच्या ओळीशी आले आणि थांबले. आम्ही इतरांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर, असं देवाला सांगणारी ती ओळ. आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग म्हणत होतो, त्यामुळे सगळा हॉलच थांबला. मला वाटलं, विसरले. पंचांपैकी एकाने हळूच ती ओळ सुरू करून दिली. काकांनी हात वर केला.

"नका," ते म्हणाले. "मला येते ती ओळ. पण मला ती म्हणता येत नाही."

त्यांनी मिटलेले डोळे उघडले.

"मी त्या ड्रायव्हरला माफ केलेलं नाही. तो तुरुंगात सडावा असं मला रोज वाटतं. आणि दर रविवारी मी इथे उभा राहून हे म्हणतोय, तुमच्याकडूनही म्हणवून घेतोय. अभय गेल्यापासूनचंच नाही हे. त्याच्या आधीही मी नुसताच म्हणत होतो. माझ्या आत कुणी नव्हतं." त्यांनी पुस्तक मिटलं. "आज आशीर्वाद देता येणार नाही. घरी जा."

आणि ते बाहेर निघून गेले. माझी बोटं कीबोर्डवर तशीच होती. एक बाई रडायला लागली. पंच म्हणाले, धक्क्याने डोकं फिरलंय, डॉक्टरला दाखवायला हवं. मला वाटलं होतं की आज एका माणसाचा विश्वास आमच्या डोळ्यांसमोर मेला.

त्यानंतर काका यायचे, पण शेवटच्या रांगेत बसायचे. उपासना कमिटीतले लोक आळीपाळीने घेत. काका गात नसत, प्रार्थनेला तोंड उघडत नसत. मग एक दिवस त्यांचा फोन आला. "रूथ, तुझ्याकडे गाडी आहे. मला तुरुंगात नेशील? भेटीची परवानगी काढलीय. काकूला बोलू नको."

ड्रायव्हरचं नाव मंगेश. राजापूरकडचा, तिशीतला, गावी बायको आणि लहान मुलगी. काचेपलीकडे येऊन बसला, रिसीव्हर उचलून म्हणाला, "कंपनीकडून आलात काय?"

"मी अभयचा बाप," काका म्हणाले.

मंगेशने रिसीव्हर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काका कानाला रिसीव्हर लावून तसेच बसून राहिले. शेवटी त्याने पुन्हा उचलला. काकांनी एवढंच विचारलं, "झालं काय, ते सांग."

मी काकांना चिकटून उभी होते, म्हणून मलाही ऐकू आलं. सलग दुसरी पाळी होती, डोळा लागला, असं तो म्हणाला. पुढे म्हणाला, "मी उतरून धावलो. त्यांना बाहेर काढलं. डोकं मांडीवर घेतलं. एवढ्या उन्हात ते 'कोल्ड, कोल्ड' म्हणत होते. मी माझा शर्ट काढून त्यांच्यावर घातला. त्यांनी माझा हात धरला होता. ॲम्ब्युलन्स येईस्तोवर सोडला नाही. नंतर... मलाच सोडवून घ्यावा लागला, काका."

काकांनी काचेवर कपाळ टेकलं. मी त्यांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं.

 परतताना गाडीत काका म्हणाले, "मी माफ करायला गेलो नव्हतो, रूथ. तो दिसतो कसा ते बघायला गेलो होतो. म्हणजे नीट द्वेष करता आला असता. देवाने मला फसवलं."  मी गाडी कडेला घेतली. "माझं पोर एकटं मेलं, या विचाराने मी झोपत नव्हतो. ते एकटं नव्हतं. आणि त्याच्याजवळ होतं कोण, तर हा."

इथल्या कायद्यात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना माफी देता येते; काकांनी कोर्टात जाऊन आपल्यापुरती दिली. काकूंना कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी होते. काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या एकट्याचा होता का तो?" आणि आत जाऊन झोपल्या. पुढे कितीतरी महिने त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. मंगेशचं नाव निघालं की उठून जात. चर्चला येणंही त्यांनी सोडलं. मंडळीतल्या काहीजणी त्यांना समजवायला निघाल्या, तेव्हा काकांनी वाटेतच अडवलं. "तिच्यावर क्षमा लादू नका. लादलेलं मी आयुष्यभर म्हणत आलो, त्याचं काय झालं ते बघितलंत. ती देवाशी भांडतेय. भांडते म्हणजे बोलते तरी. मी तेवढंही करत नव्हतो."

काका पुन्हा उपासना घेऊ लागले. पण ती आता घड्याळासारखी राहिली नाही. मधेच थांबून विचारत, "हे जे आत्ता म्हटलं, ते खरं आहे का आपल्यात? नसेल तर गप्प राहू. गप्प राहिलेलं त्याला चालतं." काही कुटुंबांना हे सहन झालं नाही, ती दुसरीकडे जायला लागली. जे राहिले, ते मात्र रडायला लागले, एकमेकांची माफी मागायला लागले. दोन भाऊ एकाच हॉलमध्ये बसून वर्षानुवर्षं बोलत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर.

काकांच्या माफीने शिक्षा कमी झाली आणि मंगेश सुटला. त्याला एका गॅरेजमध्ये काम मिळालं. काका अधूनमधून त्याला भेटत, पण घरी कधी आणलं नाही. काकूंसाठी.

मग काका गेले. सकाळी कामावर असताना छातीत दुखलं आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं. चर्चच्या आवारात खूप माणसं जमली, सोडून गेलेलीसुद्धा. काकू शवपेटीशेजारी बसून होत्या, कोरड्या डोळ्यांनी. पेटी उचलायची वेळ झाली तेव्हा पंच पुढे सरसावले. काकूंनी त्यांना थांबवलं आणि माणसांमधून वाट काढत त्या सरळ भिंतीकडे गेल्या. तिथे गॅरेजच्या कपड्यांत, मान खाली घालून मंगेश उभा होता. त्याला त्या कधी भेटल्या नव्हत्या. कसं ओळखलं, मला माहीत नाही.  मला वाटलं, आता त्याच्या थोबाडीत मारतील.

"मंगेश तूच ना?" त्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली.

"बापाच्या पेटीला पुढून पोराचा खांदा लागतो," काकू म्हणाल्या. "चल."