मुऱ्यांचा निरोप

आधी चहा घ्या. हसू आलं तर मात्र बशी खाली ठेवून हसा, अंगावरचा सदरा मीच शिवलेला आहे आणि डाग काढायलाही माझ्याकडंच आणाल. माझ्या येडेपणाची गोष्ट गावभर झालीच आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो, म्हणजे मीठ तरी बेतानं पडेल.

माझा थोरला भाऊ दत्तूदादा. तेरमध्ये शिवणाचं मशीन आमच्याच घरी, आणि दादाचा हात असा, की माप न घेताही बंडी अंगावर बसायची. मी काजं-गुंड्या करणारा. शाळेत उर्दूचं आलिफ-बे गिरवता गिरवता मास्तरांचा आणि माझा एकदमच धीर सुटला, तेव्हापासून मी दादाच्या हाताखाली.

मशीनजवळच्या खिडकीत दादाची बरणी. बार्शीच्या बाजारातल्या एका दुकानदाराकडून मागून आणलेली, पेपरमिंटच्या गोळ्यांची मोठी काचेची बरणी. तळाला तेरणा नदीची वाळू आणि वाळूत चार-पाच मुऱ्या. मुरी म्हणजे बोटाएवढा मासा, अंगावर ठिपके, तोंडाला मिशा. लोक तिचं कालवण करतात, दादानं तिला पाळलं. दिवसभर वाळूत अंग पुरून पडायच्या, नाक तेवढं बाहेर. इतका आळशी जीव मी आरशाशिवाय कुठं पाहिला नाही.

पण आभाळ भरून यायचं असलं, की त्यांच्या अंगात यायचं. वाळूतून उठायच्या, काचेला घासत वर-खाली पळायच्या, पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळायच्या. दादानं हे कधीतरी हेरलं आणि गावाला सांगितलं. गाव हसलं. मग मागच्या साली लख्ख उन्हात तो म्हणाला, खळी झाका, आणि दिवस मावळायच्या आत लिंबाएवढ्या गारा पडल्या. तेव्हापासून माप द्यायला आलेला माणूस जाता जाता विचारायचा, "दत्तू, काय म्हणत्यात मुऱ्या?" दादा दातांत सुई धरून बरणीकडं बघायचा आणि मान हलवायचा. त्या मानेवर गाव आपली ज्वारी उघडी ठेवायचं. एवढा शब्द होता त्याचा.

आणि रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी त्याची पहिली हाक, "भान्या, लोटा आण." विहिरीचं ताजं पाणी आणायचं, बरणीतलं जुनं काढायचं, नवं भरायचं. मी कुरकुरायचो. माणसांना एवढं कुणी करत नाही, म्हणायचो. मग दादाच्या दोन शिव्या खायचो आणि विहिरीकडं पळायचो.

संक्रांत झाली आणि दादाला ताप भरला. धाराशिवच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली होती. बैल तसेच सोडावे लागले.

चहा घ्या हो. गार होतोय.

मग मशीनवर मी बसलो. माझ्या हातची पहिली तुमान पटवाऱ्यानं घातली, तर तिचा एक पाय हैद्राबादला निघाला आणि दुसरा सोलापूरला. लोक काही बोलले नाहीत. दादाकडं बघून गप्प बसायचे, म्हणजे दादा जिथं बसायचा तिथं बघून. मुऱ्यांचं मात्र कुणी विचारेना. मला वाटायचं, कुणीतरी दारात थांबावं आणि विचारावं. एकदा तरी.

बरणीला मी जिवापाड जपलं. काच पुसायचो, भाकरीचा चुरा टाकायचो. पाणी हिरवट झालं होतं, मला ते शोभून दिसायचं. घरात कसलातरी वास यायचा. मी तो कापडाला लावायच्या खळीच्या वाडग्यावर ढकलला.

शिमगा जवळ आला आणि एका सकाळी बघतो तर मुऱ्या वर! काचेला धडका, तोंडं बाहेर, हवा गिळतायत. तेवढ्यात गणपततात्या दारात आले, दादाचे जुने गिऱ्हाईक, खळ्यावर ज्वारीची रास पडलेली. मी विचारायची वाट बघितली नाही. दादासारखी सुई दातांत धरली आणि म्हणालो, "तात्या, रास झाका. मुऱ्या वर आल्यात."

सुई ओठाला टोचली, पण रुबाब राहिला.

तात्यांनी आभाळाकडं पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता. मग बरणीकडं पाहिलं आणि टोपी नीट केली. "दत्तूच्या मुऱ्या कवा खोटं बोलल्या न्हाईत," म्हणाले आणि निघाले.

दुपारपर्यंत गाव खळ्यावर. अर्धवट मळलेली कणसं घरात, कडब्यावर घोंगड्या, कडब्याखाली बैल, आणि घोंगड्या संपल्या म्हणून घरात माणसं उघडी. पाऊस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी मुऱ्या आणखी पिसाळल्या. लोक दारात येऊन विचारायला लागले, "भानुदास, काय म्हणत्यात?" भान्या नाही, भानुदास! मी म्हणालो, मोठा येणार आहे, म्हणून वेळ लागतोय. तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार होतो?

आणि नेमकं त्याच दिवशी पोलीस पाटलांच्या मुलीचं लगीन. पाटलांनी माझं ऐकून मांडवावर ताडपत्री ओढली आणि आपल्याकडच्या माणसांना सांगितलं, पावसाच्या खोळी घेऊन या. ढोकीहून वऱ्हाड आलं. वर रणरणतं ऊन, आणि वेशीत नवरीकडची सगळी माणसं डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, घामानं निथळत उभी. नवऱ्याच्या मामानं एक फेरी मारून सगळ्यांना बघितलं आणि पाटलांना विचारलं, "तुमच्यात उन्हात खोळ घ्यायची रीत हाय काय? आधी सांगायचं, आमी बी आणल्या असत्या."

ताडपत्रीखाली नवरा दोनदा घेरी येऊन बसला. अक्षता टाकल्या त्या त्याच्या गालाला चिकटून राहिल्या.

जेवणं उरकली आणि मंडळी आमच्या दारात आली. पाटील रागात होते, ते चाललं असतं. पण तात्या रागात नव्हते. ओट्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "दत्तूबरोबर त्याच्या मुऱ्या बी गेल्या म्हणायच्या. सोडून दे पोरा नदीत. उगं त्याचं नाव खराब व्हतंय."

माझं डोकं फिरलं. बरणी छातीशी धरली आणि ओरडलो, "मुऱ्या खोटं बोलत न्हाईत. दादा सांगतोय. दादाच सांगतोय, तुमाला कळत न्हाय!"

पाटलांनीसुद्धा मान खाली घातली.

तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला. दादा गेल्यापासून ती माजघराबाहेर आली नव्हती, कुणाशी धड बोलली नव्हती.

"भावजी, पाणी कवा बदललं?"

मी बरणी आणखी घट्ट धरली.

ती दारात आली. पदर नाकाला लावलेला. "इचारते मी. बरणीतलं पाणी कवा बदललं?"

"दादानं भरलंय ते," मी म्हणालो. "त्याच्या हातचं हाय. कसं फेकू?"

वहिनीनं माझ्या हातातून बरणी काढून घेतली. "त्यांचा जीव गुदमरतोय, भावजी," म्हणाली. "लोटा आणा."

मी विहिरीवर गेलो. लोटा भरेपर्यंत मला काही दिसत नव्हतं. जुनं पाणी तिनं परसातल्या कढीपत्त्याला घातलं, सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता. नवं पाणी पडलं, मुऱ्यांनी दोन गिरक्या घेतल्या आणि वाळूत शिरल्या. नाकं तेवढी बाहेर. ओट्यावर पहिल्यांदा तात्या हसले, मग पाटील, मग सगळे. वहिनीनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतेय. निम्मं खरं होतं.

म्हणजे बघा, मी काही अगदीच चुकलो नव्हतो. दादा सांगतच होता. रोज सांगत होता. फक्त निरोप गावासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. "भान्या, लोटा आण."

आता रोज सकाळी पाणी बदलतो. मुऱ्या निवांत पडलेल्या असतात, काही म्हणत नाहीत. घर फार शांत वाटतं.

म्हणून कधीमधी, वहिनीला सांगू नका, मी मुद्दाम लोटा आणायचा टाळतो. मशीनवर बसून बरणीकडं बघत राहतो. एखादी मुरी उठते, वर येते, मिशा हलवत तोंड उघडते. दादाच्या शिव्या खाव्यात तशा तिच्या शिव्या मी पोटभर खातो. मग लोटा उचलतो आणि विहिरीकडं पळत सुटतो.