हजेरीत न घेतलेलं नाव

बारा वर्षं मी ग्लासगोमधल्या एका मंडळाचा अध्यक्ष होतो. इंग्रजांशी एका लढाईत हरलेल्या मराठी शिलेदारांच्या वंशजांचं मंडळ. हरलेल्यांचं मंडळ, तेही जिंकलेल्यांच्या देशात, भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये. कोणी याला हसलं की मला राग यायचा. आता माझं मलाच हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

दरवर्षी हिवाळ्यात आम्ही हजेरी घ्यायचो. हॉलचं हीटिंग कधीच धड नसायचं, त्यामुळे सगळे कोट घालूनच बसायचे. त्या लढाईत गेलेल्या एकेकाचं नाव अध्यक्षाने वाचायचं आणि त्याच्या वंशजाने उठून ‘हजर’ म्हणायचं. कोणी उठलं नाही, तर जरा थांबून अध्यक्षानेच ‘हजर’ म्हणायचं. ही पद्धत मीच घातलेली. ज्यांच्याशी माझं काडीचंही नातं नाही, अशा कितीतरी जणांसाठी मी घसा खाकरून ‘हजर’ म्हटलंय.

एका वर्षी मी घरचा जुना कागद मांडला होता. माझे शिलेदार पूर्वज छावणीत जायला निघाले, तेव्हाची सामानाची मोडी यादी. शेजारी मी स्वतः केलेलं देवनागरी लिप्यंतर. लोक बघून कौतुक करत होते आणि माझी कॉलर ताठ होती. तेवढ्यात हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट असलेली, पुण्याहून आलेली एक मुलगी कागदावर वाकली आणि हळूच म्हणाली, “काका, शेवटची ओळ राहिलीय.”

राहिली नव्हती, मी गाळली होती. हिला मोडी येत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. घोडी दोन, राहुटी एक, भांडी, आणि खाली ‘बटीक एक’. विकत घेतलेली बाई. नाव नाही.

नाव त्या मुलीकडे होतं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या मुलीला तेच नाव ठेवत आले होते. लढाईनंतर छावणी लुटली गेली त्यात ती बाई मेली, मूल वाचलं, आणि ते मूल याच शिलेदाराचं होतं, असं तिच्या आजीने तिला सांगितलेलं. म्हणजे ही मुलगी नात्याने माझीच कोणीतरी होती. ते ती बोलली नाही. मीही मूग गिळून बसलो.

“मला मेंबरशिप वगैरे नको काका,” ती म्हणाली. “रोल कॉलमध्ये तिचं नाव फक्त एकदा घ्या. मी उठून ‘हजर’ म्हणेन. दॅट्स ऑल.”

कमिटीपुढे ठेवतो, असं मी सांगितलं. ठेवलं मात्र नाही. महिन्याभराने तिला ईमेल केली की कमिटीने सहानुभूतीने विचार केला, पण हजेरी फक्त हत्यार धरलेल्यांची असल्याने दिलगीर आहोत. ‘सहानुभूतीने’ हा शब्द घालून मी वर स्वतःवर खूषही झालो होतो. खरं कारण एवढंच, की सगळ्यांसमोर ती उठली असती, तर लोकांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं असतं. शौर्याबद्दल बोलावं, बाकीचं उकरू नये, असं मी भाषणांत सांगायचो. हे ‘बाकीचं’ माझ्याच घरातलं होतं. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

तिचं उत्तर आलं: ‘ओके काका, थँक्स.’ त्यानंतर ती कधी आली नाही. ती कार्डिफला गेल्याचं मागाहून कळलं.

गेल्या वर्षी मी पद सोडलं. शाल-श्रीफळ झालं. नंतरच्या कमिटीच्या बैठकीत मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं. आमचा सेक्रेटरी हा सगळ्यांत कर्मठ माणूस. आडवा येईल तर हाच, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तो लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, “एवढंच होतं? वाचलं असतं की काका. आम्हाला विचारायचं तरी.”

दोन मिनिटांत नाव यादीत गेलं. मी त्या मुलीला मेसेज केला, माफी मागितली, तारीख कळवली. तिने मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही. ते देणं तिच्यावर बंधनकारकही नव्हतं.

यंदाच्या हजेरीला मी पहिल्यांदाच समोरच्या खुर्च्यांत बसलो. दार उघडलं की मागे वळून बघत होतो. ती आली नाही. नव्या अध्यक्षबाईंनी माझ्या पूर्वजांचं नाव वाचलं. मी उठून ‘हजर’ म्हटलं आणि बसलो. मग त्यांनी छावणीतल्या त्या बाईचं नाव वाचलं. ते मी इथे लिहीत नाही, तो हक्क मी घालवलाय.

कोणी उठलं नाही. तिच्यासाठी त्या हॉलमध्ये उठू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. गुडघ्यावर हात टेकून मी उठायला लागलो. कोणी बघतंय का, हे पाहण्यात माझा एक क्षण गेला.

तेवढ्यात नियमाप्रमाणे अध्यक्षबाईच “हजर” म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.