चिंचेखाली आवाज आला नव्हता

आमच्या मंडळीत माझी साक्ष सगळ्यांना पाठ आहे. रविवारच्या शब्बाथशाळेतली मुलेही ती सांगतात. कापणीच्या सणाची उपासना चालू होती, पवित्र आत्म्याने चर्चच्या एका पंचाला बाहेर जायला सांगितले, त्याच्यामागे सगळी मंडळी बाहेर आली आणि लगेच भूकंप होऊन चर्चची भिंत रिकाम्या बाकांवर कोसळली. तो पंच मी. त्या साक्षीतली भिंत खरी आहे, बाहेर आलेली माणसे खरी आहेत. आवाज मात्र खरा नाही. आज पंचाहत्तरी ओलांडल्यावर हे लिहितो आहे, कारण त्या खोट्याचा भार माझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणीतरी वाहिला.

आमचे गाव मलकापूरच्या पुढे डोंगरात आहे. जुन्या मिशनने बांधलेले दगडमातीचे चर्च आणि त्याच्याभोवती आमची मोजकी घरे. नव्या भाताची पहिली पाटी प्रभुभोजनाच्या मेजापुढे नेण्याचा मान आमच्या घराचा, कारण गावात पहिला बाप्तिस्मा माझ्या आजोबांनी घेतला होता. त्या वर्षी पाळकांनी सांगितले, "पहिली पाटी यंदा मार्थाबाई नेतील." मार्थाक्का नुकतीच विधवा झाली होती आणि एकटीने खाचर लावून तिने पीक घेतले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो आणि तरातरा बाहेर जाऊन अंगणातल्या चिंचेखाली उभा राहिलो.

आमच्याकडे एक रीत आहे. भाऊ रुसून बाहेर गेला असेल तर त्याला परत आणल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर मोडायची नाही. म्हणून सगळे चिंचेखाली जमले. "चला की पंच, पोरं भुकेजल्यात," कुणीतरी म्हणाले. कुणी खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "पाटी आमच्या आज्यापासनं आमची हाय." ते जितके विनवत होते तितका मी ताठत होतो आणि खरे सांगायचे तर मला ते आवडत होते. मार्थाक्का एकटी आत थांबली होती. भाकर आणि प्याला मेजावर उघडे होते, चिमण्या येतील म्हणून ती पाटी मांडीवर घेऊन राखण करत बसली होती.

मग पुलावरून उसाचा भरलेला ट्रक जावा तशी पायाखालची जमीन घरघरली. कौले खडखडली. दर्शनी भिंत आतल्या बाजूला वाकली आणि बाकांवर पडली. धुरळा खाली बसल्यावर आम्ही दगड बाजूला करून अक्काला बाहेर काढले. तिचा उजवा पाय चेंगरला होता. भाताची पाटी तिने सोडली नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही ताडपत्रीखाली जमलो. एक म्हातारी माझे हात धरून म्हणाली, "पंच, तुमास्नी कसं कळलं वो?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आत्म्यानं मला उठवलं." माणसे रडली. त्याच रडण्यात मागून कुणीतरी बोलले, "अक्का उठली न्हाय, म्हणून तिला भोगावं लागलं." मी ते ऐकले. मी काहीच बोललो नाही.

त्या साक्षीवर मंडळी पेटून उठली, हेही खरे. चर्च बंद करून मलकापूरला उपासनेला या, असे आम्हाला चर्चच्या वरिष्ठांनी सुचवले होते. कुणी तयार झाले नाही. देवाने राखलेली माणसे आम्ही, आता त्याचे घर पडके ठेवायचे का, असे बायकासुद्धा विचारू लागल्या. शेतीची कामे आटोपून माणसे पडलेले दगड निवडत, नदीवरून वाळू आणत. शेजारच्या बौद्ध वस्तीतले गवंडी सुट्टीच्या दिवशी येऊन भिंत चढवत. आणि अक्का दवाखान्यातून आली ती थेट चिंचेखाली बसली. पाय लांब करून, हातात हातोडी घेऊन ती खडी फोडायची. "बसून करायचं काम हाय की," एवढेच म्हणायची. पावसाळा आला, ताडपत्री फाटली, पण एकाही रविवारी उपासना चुकली नाही. नवे चर्च उभे राहिले. पहिली पाटी पुन्हा मीच नेऊ लागलो. अक्का मागच्या बाकावर बसू लागली.

वारणेच्या खोऱ्यात धक्के अधूनमधून बसतातच. यंदा पुन्हा जमीन हलली आणि गिलाव्याला भेगा गेल्या. तरुणांनी त्या पंधरवड्यात बुजवल्या आणि कापणीच्या सणाला मुलांकडून भूकंपाची नाटिका बसवायचे ठरवले. मी तालीम बघायला गेलो. आत्म्याचे न ऐकणारी बाई व्हायला एकही मुलगी तयार नव्हती. शेवटी एक झाली आणि लंगडून दाखवू लागली. मुले हसली. अक्का कोपऱ्यात प्याला पुसत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "डावा न्हवं गं. उजवा पाय वढायचा."

मी घरी गेलो. प्रार्थनेला गुडघे टेकले, पण शब्द येईनात. इतकी वर्षे मी ज्या आवाजाची साक्ष दिली, तो त्या संध्याकाळी एकदाच यावा असे वाटले. आला नाही. माझ्या कानात अक्काचेच वाक्य घुमत राहिले आणि मग कळले की मला दुसऱ्या आवाजाची गरज नाही.

सणाच्या दिवशी नाटिकेआधी मी उभा राहिलो आणि जे घडले ते सांगितले. रुसवा, आज्याची पाटी, चिमण्या, सगळे. अक्काने कुणाचीच आज्ञा मोडली नव्हती, ती प्रभूच्या मेजाजवळ थांबली होती, हेही सांगितले.

अक्का मागून बोलली. "मला तवाच ठावं हुतं. रुसलेला माणूस आन् आत्म्यानं उठवलेला माणूस सारखा दिसतोय व्हय?"

दोघेतिघे हसले. मी विचारले, "मग बोलली का न्हाईस, अक्का?"

"बोलून काय करू? लोकं दगड उचलत हुती. म्हटलं, आदी भिंत हू दे. भिंत झाल्यावर तू सांगशील वाटलं. लई येळ लावलास."

मग तीच म्हणाली, "माणसं वाचली ती देवामुळं. तुझ्या रागाला त्यानं औताला जुंपलं. बैलानं मान मागू नये."

पाळकांनी पहिली पाटी तिच्यापुढे ठेवली. तिने ती हलवून पाहिली आणि माझ्याकडे बघितले. "जड हाय. त्या बाजूनं धर. पर म्होरं मी."

आम्ही निघालो. तिचा उजवा पाय फरशीवर घासत होता आणि मला तिच्या चालीने चालावे लागत होते. ज्या वाटेने मी दरवर्षी छाती काढून गेलो, ती इतकी लांब आहे हे मला ठाऊक नव्हते. मेजापुढे पाटी टेकवली. अक्काने वाकून वरचे भात हाताने सारखे केले.

त्या दिवशी देवाने मला काहीही सांगितले नव्हते, तरी त्याने सगळ्यांना वाचवले. त्याला माझ्या चांगुलपणाची वाट बघावी लागली नाही, याबद्दल मी त्याचे रोज आभार मानतो. समर्पण म्हणजे काय, यावर मी पुष्कळ बोललो आहे. आता एवढेच कळते की पाटी त्याची असते, आणि आपल्या हाती येते ती फक्त एक बाजू.