वसुधा सिस्टरची दुसरी परीक्षा

गावाचं नाव सांगून उपयोग नाही, ते जर्मन माणसांनाही ठाऊक नसतं. श्टुटगार्टहून एक गाडी, मग दुसरी गाडी, मग तासाला एकदा येणारी बस. दोन बेकऱ्या, एक चर्च आणि एक हॉस्पिटल. तरणी पोरं शहरात पळालेली, मागे उरले म्हातारे, आणि म्हाताऱ्यांना उठवा-बसवायला माणूस मिळेना. म्हणून हॉस्पिटलच्या कुंपणावर भला थोरला फलक लागला होता, 'नर्सेस हव्यात'. एका एजन्सीने त्याचा फोटो दाखवला आणि वसुधा मिरजेहून निघाली.

मिरजेत ती नऊ वर्षं हृदयरोग वॉर्डात सिस्टर होती. नवरा अपघातात गेला तेव्हा लेक कुहू तीन वर्षांची. घरात त्या दोघी आणि सासूबाई. कुहूला सासूबाईंजवळ ठेवून इथे आल्यावर कळलं की आनएर्केनुंग मिळेपर्यंत, म्हणजे तुम्ही खरोखरच नर्स आहात हे सरकारला पटेपर्यंत, तुम्ही हेल्पर. अंग पुसा, डायपर बदला, सूप भरवा. तिकडे ही कामं मावशी करायच्या किंवा नातेवाईक. कामाची तिला लाज नव्हती, पण हेल्परच्या पगारावर आणि हॉस्टेलच्या एका खोलीत मुलगी आणता येत नव्हती. दुसरीकडे जावं तर कामाचा परवाना याच हॉस्पिटलला बांधलेला. फलक लावताना घाई यांना, कागद करताना मात्र कुणाला घाई नाही! तीन वर्षं गेली. कुहूचे दुधाचे दात फोनच्या पडद्यावरच पडले.

मान्यतेसाठी परीक्षा होती, संधी दोनच. पहिल्या वेळी तिला एक आजोबा दिले. रक्तदाब एवढा खाली, आणि कागदावर रक्तदाब उतरवायची गोळी लिहिलेली. हिला ते पहिल्या मिनिटाला कळलं. तेवढ्यात डॉक्टर आले. वसुधा चटकन उभी राहिली, फाइल त्यांच्या हातात दिली आणि एक पाऊल मागे सरकून गप्प झाली. परीक्षक बाईंनी विचारलं, "आता तुम्ही काय करणार?"

"डॉक्टर सांगतील ते."

झालं. ज्ञान उत्तम, जबाबदारी शून्य, असा शेरा मारून त्यांनी तिला नापास केलं. आपल्याकडे ज्याला शिस्त म्हणतात तीच नेमकी आडवी आली. डॉक्टरांसमोर सिस्टरने तोंड उघडायचं नाही, हे तिला अठराव्या वर्षी शिकवलेलं, आणि बाई शिकलेलं विसरणाऱ्यातली नव्हती.

मग धावून आल्या नीलांबरीताई. ओळखीतल्या, श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला राहणाऱ्या, यजमान इंजिनिअर, पंचवीस वर्षं जर्मनीत मुरलेल्या. त्यांनी दर रविवारी वसुधाला घरी बोलावून 'नाही' म्हणायची तालीम सुरू केली.

"हे घे, अजून पोहे घे."

"नको ताई, खरंच..."

"खरंच-बिरंच नाही! सरळ नाइन म्हण. कारण सांगू नकोस, हसू नकोस. आल्झो, चल, परत. पोहे घे."

पहिल्या रविवारी वसुधाने तीन बशा पोहे खाल्ले. ताईंनी कपाळावर हात मारला. पण सहाव्या रविवारी तिने बशीवर हात धरला, ताईंच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाली, "नाइन." ताई टाळ्या पिटत ओरडल्या, "गेनाऊ! अस्सं!"

दुसऱ्या परीक्षेत एक आजीबाई होत्या. त्यांची नाडी मंद पडलेली आणि ती आणखी मंद करणारी गोळी ट्रेमध्ये. डॉक्टर आले. वसुधाचे पाय उभे राहायला निघालेच होते. तिने ते दाबून धरले.

"ही गोळी मी देणार नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"पण मी लिहून दिली आहे."

"तरीही नाही. आधी तुम्ही यांची नाडी बघा."

डॉक्टरांनी बघितली, मान हलवली आणि गोळी खोडली. वसुधा पास झाली. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ती पोटभर रडली. पुढच्या महिन्यापासून नर्सचा पगार, बेकरीवरची दोन खोल्यांची जागा, आणि शाळेत कुहूसाठी बाक ठरलेला.

दुपारी तिने मिरजेला फोन लावला. नुसतं कळवायचं, विचारायचं नाही, हे बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं. सासूबाईंनी उचलला.

"अहो आई, मी पास झाले."

"देवाला साखर ठेवते हो. माझी गुणाची बाई."

"मग... कुहूला ऑगस्टमध्ये न्यावं म्हणते. चालेल ना?"

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सासूबाईंचा मुलगा गेलेला, सूनही परदेशी, घरात बोलायला ती एक पोर. त्यांना इकडे आणायचा परवाना मिळत नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

"तुला योग्य वाटेल ते कर," सासूबाई म्हणाल्या.

या वाक्याचा अर्थ कुठल्याही मराठी सुनेला फोडून सांगावा लागत नाही. सासूबाई दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या रडतही नव्हत्या. डॉक्टरला एका दमात सांगितलेलं 'नाही' वसुधाला इथे मात्र म्हणता येईना.

तेवढ्यात कुहूने फोन हिसकावला.

"आई, आई! मी सगळं ऐकलं, तू पास झालीस! मी बॅग भरू?"

वसुधाने डोळे मिटले.

"आजीला विचार," ती म्हणाली.