आईचं स्वतःचं गाणं

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात उन्हाळी वर्गाला पुण्याचे एक सर लोकसंस्कृती शिकवायचे. त्यांना जात्यावरच्या ओव्या टेप करायच्या होत्या, म्हणून मी आईला नेलं. ठेवणीतलं लुगडं नेसून आलेल्या आईनं हौसेनं रेडिओवरचं सिनेमाचं गाणं धरलं. सरांनी टेपच बंद केला.

"बाई, हे तुमचं नव्हे. जात्यावरचं म्हणा."

"जातं कवाच इकलं की. आता दळण गिरणीतनं आणतो."

तर त्या दीडशहाण्यानं तिला फरशीवर बसवून हवेतच जातं ओढायला लावलं. ती ओव्या म्हणू लागली, वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, "बघा, ही आपली अस्मिता!"

संध्याकाळी भाकरी थापताना ती सवयीनं सिनेमाचं गाणं गुणगुणली, मधेच थांबली आणि तिनं मला विचारलं, "हे म्हटलं तर चालतंय न्हवं?"