दोन बोटांचा 'ॲ'

वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन बोटं एकावर एक धरा आणि 'कॅट' म्हणा. आसपास कोणी नसेल तर करून पाहाच. बोटं नीट मावली तर तुमचा 'ॲ' बरोबर. आता एक बोट काढा आणि 'पेन' म्हणा. मग दुसरंही बाहेर घ्या, नुसतं नख राहू द्या, आणि 'पिन' म्हणा.

आमचे सर हे रोज सकाळी चाळीस मुलांसमोर करायचे. सहा फुटांचा देह, झुपकेदार मिशा आणि त्या मिशांखाली दोन बोटं. "तोंड उघडा बे! माशी गेली तं मी काढतो!" अशी गर्जना झाली की केजीतली चाळीस तोंडं एकदम उघडायची. भिंतीपलीकडे माझ्या तिसरीतलीही दोन-चार उघडायची, सवयीनं.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका वॉर्डातली आमची खाजगी शाळा. नावात 'इंग्लिश मीडियम' होतं. मुलं मात्र हिंदीत भांडायची, घरी जाऊन मराठीत जेवायची आणि इंग्रजीत फक्त लघवीची परवानगी मागायची. सर मुळात पाचवीला हिंदी शिकवायचे. तरुणपणी कटंगी-तुमसर बसवर कंडक्टर होते, नंतर बाहेरून परीक्षा देत बी.ए. झाले. आवाज तेवढा बसमधलाच राहिला. केजीच्या मॅडम लग्न होऊन वर्षाच्या मध्येच जबलपूरला गेल्या, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे 'बडी मॅडम' म्हणत, स्टाफरूममध्ये आल्या आणि त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. आम्ही बायका अनुभवी. सगळ्या एकदम वह्या तपासायला लागलो. सर डबा खात होते. त्यांनी मान वर केली आणि सापडले.

"सर, कल से केजी आप देखेंगे. फोनिक्स चल रहा है, शॉर्ट वॉवेल्स."

"हौ मॅडम," सर म्हणाले. घास गिळला आणि मग माझ्याकडे झुकून विचारलं, "हे फोनिक्स म्हणजे मोबाईलचं काही आहे का?"

मी नागपूरची, बी.एड. झालेली, लग्न होऊन इथे आलेली. माझ्या इंग्रजीचा मला तेव्हा भारी अभिमान. मी त्यांना समजावलं की अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा, आणि हे सगळे आखूड आवाज असतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढचे आठ दिवस मधल्या सुट्टीत ते जिन्याखाली दिसायचे. कानात इयरफोन, डोळे मिटलेले, एक हात पोटावर आणि तोंडातून "ॲ... ॲ... ॲ...". तिसऱ्या दिवशी शाळेतली मौसी कोमट पाणी आणि ओवा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. सरांनी ओवा खाल्ला. तिचं मन कशाला मोडा.

नवव्या दिवशी ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही पोराईले बसवता तेव्हा काय म्हणता?"

"सिट डाऊन म्हणते."

"नाही. तुम्ही 'सीऽट डाऊन' म्हणता. मी रोज भिंतीतून ऐकतो. 'सिट' म्हणजे बस. 'सीट' म्हणजे बसायची जागा. तुम्ही पोराईले 'जागा खाली' म्हणून राह्यल्या."

"मुलं बसतात ना पण?"

"बसतात. समजदार आहेत."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी वर्गात एकदाही 'सिट डाऊन' म्हटलं नाही. हातानंच बसवायची.

यमकाचा तास मात्र बघण्यासारखा असायचा. सर एक शब्द टाकायचे, मुलांनी जुळणारा शब्द आणायचा. इंग्रजी शब्द संपले की मुलं हिंदीत शिरायची, हिंदी संपली की घरात. सर म्हणायचे, "हॅट!" बॅट यायचं, मॅट यायचं, रॅट यायचं, आणि मग मागून कोणीतरी ओरडायचं, "भात!"

"भात यमकात नाही बसत रे, पोटात बसते," सर म्हणायचे. "पण चांगला शब्द आणला. ठेव बाजूले."

दुसरा खेळ टाळीचा. सर दोन शब्द म्हणणार. जुळले तर टाळी, नाही जुळले तर हात मांडीवर. 'पिन, टिन', टाळी! 'पिन, पेन', शांतता. या खेळात एक मुलगी कायम मागे पडायची. तिचं नाव प्रज्ञा. वडील भरवेलीच्या खाणीत कामाला, तिथल्याच कॉलनीतून मोटारसायकलवर पुढे बसवून तिला आणायचे. दोन वेण्या, लाल रिबिनी, सतत हसरा चेहरा. सगळ्यांची टाळी वाजून गेली की एका क्षणानं तिची एकटीची टाळी वाजायची. टप्प.

"आली आमची लेट गाडी!" सर म्हणायचे. वर्ग हसायचा. प्रज्ञाही हसायची. मीही भिंतीपलीकडून हसायची.

जानेवारीत बडी मॅडमनी केजीची तोंडी परीक्षा घेतली. त्या खिडकीपाशी कागदात बघून शब्द म्हणत होत्या आणि मुलांनी यमक सांगायचं होतं. प्रज्ञानं एकही सांगितलं नाही. नुसती हसत राहिली. संध्याकाळी सगळ्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "ये बच्ची स्लो है, सर. नर्सरी में वापस बिठाइए. या पेरेंट्स को बोल दीजिए कि दूसरा स्कूल देख लें."

मला वाटलं, सर 'हौ मॅडम' म्हणणार. ते म्हणाले, "मले आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत सरांनी गर्जना कमी केल्या आणि बघणं वाढवलं. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. डबा तसाच हातात, न उघडलेला.

"मॅडम, ते पोरगी 'बॅट' म्हटलं का 'मॅट' म्हणते. 'पिन' म्हटलं का 'बिन' म्हणते. पण 'कॅट'ले कधी 'मॅट' म्हणत नाही. काहून?"

"गोंधळत असेल. लहान आहे."

"तुम्ही आरशात पाहून म्हणा. बॅट, मॅट, पॅट. ओठ सारखेच मिटतात. दिसते सारखंच." त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला. "बाकीचे पोरं ऐकून टाळी वाजवतात, मॅडम. ते पोरगी पाहून वाजवते. शेजारच्या पोरीचे हात पाहते न् मंग वाजवते. म्हणून लेट."

त्यांनी मला केजीत नेलं. सुट्टीत वर्ग रिकामा होता. प्रज्ञा एकटीच पहिल्या बाकावर पोळीचा रोल खात होती. सरांनी तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "बेटा, डब्यात काय आहे?" ती म्हणाली, "पोई न् गूय." पोळी न् गूळ. तिचं असं बोलणं मला नुसतं बोबडं वाटायचं. मग सरांनी हजेरीपट तोंडासमोर धरला आणि त्याच बिनगर्जनेच्या आवाजात विचारलं, "बेटा, तुले लाडू पाहिजे का?"

ती हजेरीपटाकडे बघत राहिली. खात राहिली. लाडवाला नाही म्हणणारं मूल मी तोवर पाहिलं नव्हतं.

सर उठले आणि हजेरीपट मिटून टेबलावर ठेवला. "दोन महिने," ते म्हणाले. "दोन महिने मी तिले लेट गाडी म्हटलं. सारे हसावे म्हणून." हसणाऱ्यांत मी होतेच.

संध्याकाळी वडील घ्यायला आले. सरांनी फाटकाजवळ त्यांना बाजूला घेतलं. मी मुद्दामच सोबत थांबले, कारण सरांना हळू बोलता यायचं नाही आणि फाटकावर सगळ्या आया उभ्या होत्या.

"माही पोरगी बहिरी नाही, सर," वडील तडकले. "मी हाक मारली का धावत येते."

"किती जोरानं मारता हाक?"

"जशी घरी मारतात तशी. आमच्या बाबाले कमी ऐकू येते, तं घरी सारे जोरानंच..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी मोटारसायकलच्या टाकीवर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. ती आरशात बघून रिबीन सारखी करत होती. वडिलांनी मागून, साध्या आवाजात, हाक मारली. "प्रज्ञा." रिबीन सारखी करणं चालूच राहिलं.

"तुमची चूक नाही," सर म्हणाले. "मी मास्तर आहे. मले आधी समजाले पाहिजे होतं."

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कान तपासून गोंदियाला पाठवलं. वडील म्हणाले, "सर, तुम्हीच चला. डॉक्टर काय म्हणते ते मले नीट समजत नाही." सरांनी रजा टाकली आणि तिघं रेल्वेनं गोंदियाला गेले. पुढेही दोनदा गेले. तिच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं, किती दिवसांपासून कोण जाणे. औषधानं भागलं नाही, लहानसं ऑपरेशन करावं लागलं. बडी मॅडमना सरांनी एवढंच सांगितलं, "बच्ची स्लो नहीं है, मॅडम. हम स्लो थे." 'हम'मध्ये त्यांनी मॅडमनाही धरलं होतं की नाही, यावर स्टाफरूममध्ये पुढे बरेच दिवस चर्चा झाली.

मार्चमध्ये प्रज्ञा परत आली. आम्ही सगळ्या काही ना काही निमित्त काढून केजीच्या दाराशी जमलो होतो. मौसीही झाडू घेऊन आली होती, झाडून झालेल्या व्हरांड्यात. सर नवा शर्ट घालून आलेले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "चला! तोंड उघडा बे...!"

प्रज्ञानं दोन्ही हात कानांवर गच्च दाबले. तिचा हसरा चेहरा रडवेला झाला. सर घाबरले, धावत जाऊन तिच्यासमोर बसले.

"काय झालं बेटा? दुखते का?"

तिनं एक हात किंचित बाजूला केला.

"सर जी," ती म्हणाली, "तुम्ही किती वरडता!"

आम्ही दाराशी हसून हसून भिंतीला टेकलो. सर मात्र हसले नाहीत. तसेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं, की आम्हाला पुढे सरकावं लागलं, "आता? आता बरं आहे?"

"हौ," प्रज्ञा म्हणाली.

त्या दिवसापासून केजीचा आवाज माझ्या भिंतीतून येणं बंद झालं. मला आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं. परीक्षेत प्रज्ञानं 'कप'ला 'पप' आणि 'अप' सांगितलं, आणि वर स्वतःच्या मनानं 'गप'ही सांगितलं. बडी मॅडमनी विचारलं, 'गप' इंग्रजीत कुठून आलं? सर म्हणाले, "मॅडम, ऐकू आलं म्हणून आलं."

त्या उन्हाळ्यात शाळेनं केजीच्या भिंतीवर मोठा पडदा बसवला. बटण दाबलं की त्यातून एक गोरी बाई सगळे आवाज अगदी शुद्ध काढते. सरांना पुन्हा पाचवीची हिंदी देऊ केली. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि गुडघे दुखतात असं सांगून शाळाच सोडली. निरोपसमारंभात त्यांना छत्री दिली. ते भाषणात एवढंच म्हणाले की केजीचा वर्ग सगळ्यात अवघड, तिथे मास्तरालाच शिकावं लागतं. मग समोसे आले.

जुलैत पडदा बिघडला, आणि त्याच आठवड्यात केजीच्या नव्या मॅडमनी दुसरी नोकरी धरली. बडी मॅडम मला म्हणाल्या, "आपकी बात मानेंगे, ले आइए उनको." म्हणून एका रविवारी मी कटंगीच्या पुढे त्यांच्या गावी गेले. घरी त्यांच्या बायकोनं खाट टाकली आणि शेताकडे हाक दिली. सर धानाच्या बांधीत होते, रोवणा म्हणजे भाताची लावणी चालू होती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला पंचा.

"आलो मॅडम, पाच मिनिटं," ते लांबूनच म्हणाले आणि विहिरीवर हात धुऊन मागच्या दारानं घरात गेले. आले ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. खाली चिखलानं भरलेली अर्धी चड्डी तशीच.

मी निरोप सांगितला. चहा झाला. त्यांनी प्रज्ञाची चौकशी केली, पहिलीत कुठल्या बाकावर बसते, सर्दी होते का, कान पुन्हा दाखवला का. मी सगळं सांगितलं.

"तुम्हीच घ्या तो वर्ग," ते म्हणाले.

"मला जमणार नाही, सर. मी चिडते लवकर."

"चिडा ना. पोराईले चालते. फक्त त्याईच्याकडे पाहत जा."

मी परत एकदा आग्रह केला. ते बांधीकडे बघत होते. तिथे सात-आठ बायका वाकून ओळीनं धान लावत होत्या आणि त्यांच्या हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, संपत आली होती.

"त्याईले पऱ्हे द्या लागतात मॅडम," सर म्हणाले. उठले, शर्टाची बटणं एकेक करून काढली, शर्टाची नीट घडी घातली आणि बायकोच्या हातात दिली.

फाट्यावर बसची वाट बघत मी बराच वेळ उभी होते. तिथून ते शेत दिसत होतं. सर रोपांच्या पेंढ्या काखेत घेऊन चिखलातून चालत होते, आणि ज्या बाईचे हात रिकामे दिसतील तिच्यापुढे, तिनं मागायच्या आत, एक पेंढी टाकत होते.